पाडव्यापर्यंतची पाटी

॥ श्रीसिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

श्रावण शुद्ध द्वितीया, सोमवार. शके १८५५

खर्चाच्या वहीत मी उजव्याच पानावर लिहिते. डावं पान सासूबाईंच्या धाकानं कोरं राहतं. त्या म्हणतात, दोन्ही बाजूंनी लिहिलं की पैसा दोन्ही बाजूंनी जातो. पण कोरं पान वाया गेलेलं मला बघवत नाही. तेव्हा आजपासून डाव्या पानावर मी माझं लिहिणार. पैशाचं लिहिणार नाही, म्हणजे त्यांचाही शब्द मोडला नाही.

आज बाळी वेशीत पाटी लागली. "म. गो. कुरुलकर, जी. डी. ए., हिशेबतपासनीस." मी पाटीला हळदकुंकू लावलं. हे म्हणाले, "अगं, रंग ओला आहे!" तोवर कुंकू चिकटलं होतं. बरं झालं, आता पावसानंसुद्धा जायचं नाही.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरची पाटी असती तर निदान शिंकणारा तरी जिना चढला असता. हिशेब कुणाला दुखतो?" मग विचारलं, "म्हणजे तू चोर पकडणार का रे?" हे म्हणाले, "नाही आई. दुसऱ्यानं लिहिलेला हिशेब ओळन् ओळ तपासायचा आणि हा साव आहे अशी सही करायची." सासूबाई म्हणाल्या, "सावाला कशाला लागते सही?" 

ह्यांनी सात वर्षं मुंबईत इंग्रजांच्या कचेरीत हेच काम केलं. सोडताना साहेबानं सांगितलं, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत तुझी खुर्ची राखून ठेवतो. आमचंही तेच ठरलं आहे. पाडव्यापर्यंत एक तरी कायमचं गिऱ्हाईक लागलं तर सोलापुरात राहायचं. नाही लागलं तर पाटी उतरवून मुंबई. मी म्हटलं, पाटी उतरायची नाही. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला ठाऊक नाही, पण म्हटलं खरं.

नागपंचमी

आज चिरणं-कापणं नाही. सकाळी हे आपली हिरवी पेन्सिल घेऊन बसलेले दिसले, मी धावत जाऊन चाकू उचलला. आज तासायची नाही म्हटलं. हे म्हणाले, "तासायची गरजच नाही. टोक आहे तसं आहे."

ही पेन्सिल मुंबईहून आणलेली. तपासलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी हिरवी बारीक खूण करायची असा त्या कचेरीचा शिरस्ता. नुसती उमटत नाही, जिभेला लावून ओली करावी लागते. मागचं टोक चावायची खोड मात्र इकडची स्वतःची. पण काटकसर पाहावी तर ह्यांची! तीन दिवस रोज कामावर जातात आणि पेन्सिल अजून तिळभरही झिजलेली नाही. मला वाटायचं, निगुतीनं वापरणं मलाच येतं.

श्रावण वद्य द्वितीया

गिऱ्हाईक नाही. मोहोळकडचा रावजी म्हणून एक शेतकरी पाटी वाचून वर आला होता म्हणे. "तपासनीस हायसा न्हवं? मग आमचा जावई तपासून द्या. मिलात लागलो म्हनतो आन् पगार काय दावत न्हाई." हे सांगताना हसत होते. मीही हसले. सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "मग दिलास का तपासून?"

ऑफिसच्या खाली रामहरीशेठचं कापडदुकान आहे. जिना त्यांच्या दुकानातूनच जातो. हे जाता-येता ते गादीवरून ओरडतात, "आलं का कुणी, रावसाहेब?" चांगला माणूस दिसतो. एवढी आस्था कोण ठेवतं हल्ली!

डबा रोज स्वच्छ धुऊन आणतात. आज झाकणाच्या कडेला हिरवं शेवाळ चिकटलेलं दिसलं. ऑफिसातला रांजण कुणी घासत नसणार. एकदा जाऊन घासून आलं पाहिजे.

श्रावण वद्य सप्तमी

आज डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चांगल्यासाठी.

चिमाबाई सकाळी आमच्या गल्लीत दही घालते, आणि उरलेलं ताक घेऊन दुपारी सिद्धेश्वराच्या दारात बसते. आज दही ओतता ओतता म्हणाली, "ताई, तुमचं सायेब लई भक्तिवान मानूस हाय बगा."

मी म्हटलं, "कोण, आमचे?"

"व्हय की. रोज दुपारच्याला येत्यात. तळ्याच्या पायऱ्यांवर बसत्यात ते पार ऊन कलंस्तवर. कुनाशी बोलनं न्हाई, काय न्हाई. पान्याकडं बगत्यात. मी म्हनलं ताक घ्या, तर मान हलिवली. ध्यानच लागलेलं असतंय वो."

लग्न झाल्यापासून ह्यांनी कधी आपणहोऊन देवाला हात जोडले नाहीत. संध्या करायची ती सासूबाई बघत असल्या तर. आणि आता रोज, आणि घरी अवाक्षर नाही! खरी भक्ती अशीच असते, सांगत सुटत नाही. मीही कळल्याचं दाखवणार नाही. रात्री भाताला तूप मात्र जरा जास्त वाढलं. सासूबाईंनी पाहिलं.

भाद्रपद शुद्ध दशमी

गौरी कालच गेल्या, आणि जाताना त्या आमचं काम करून गेल्या.

दुपारी दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीची लिंगाची पेटी. "कुरलकर तपासनीस हितंच न्हव का? हापिसला कुलूप दिसलं, म्हनून घर शोधत आलो. मी मल्लप्पा. सुताचं दुकान हाय आमचं."

मी सांगितलं, बसा, देवाला गेलेत. मल्लप्पांचा चेहरा एकदम उजळला. "कामाच्या वक्ताला देवाला! मग हाच मानूस पायजे आमाला."

काम असं आहे. मल्लप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ संगप्पा यांनी दुकानाची लिमिटेड कंपनी केली. आता सरकारचा कागद आला की वर्षाचा हिशेब तपासनिसाच्या सहीनं पाठवा. सही नसेल तर बँकही दिवाळीच्या मालाला पैसा देत नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "बघा, सावालाच लागते सही." जशी काही ही गोष्ट त्यांनीच पहिल्यांदा सांगितली होती!

हे आले. बोलणं झालं. काम नीट झालं तर दरसालचं काम मिळणार. उद्यापासून दुकानात बसायचं. मल्लप्पा गेल्यावर हे किती तरी वेळ ओसरीवर उभे होते. मग म्हणाले, "आज पेन्सिल तासतो."

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी

सगळं उलटलं.

तीन दिवस काम छान चाललं होतं. गादीवर बसून हे खातेवही तपासत होते. आज मल्लप्पांच्या आई, नीलव्वा, दुकानात दिवा लावायला आल्या. थोडा वेळ ह्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि एकाएकी ओरडल्या, "माझ्या लक्ष्मीला गोंदतोस काय रे? उठ, उठ त्या गादीवरून!" वही हातातून काढून घेतली आणि पदरात गुंडाळून घरी नेली. खुणा थांबवल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात. मल्लप्पा वेशीपर्यंत ह्यांच्या मागून आले. "रावसायेब, राग मानू नका. दिवाळीत पूजा केलेली वही ती. अव्वा म्हनते, तपासायचं तर तपासू दे, पन खूण नको. एक पन खूण नको."

हे येऊन टोपी न काढता बसले. म्हणाले, "खूण नसेल तर तपासलं कशावरून? उद्या मागून कुणी आकडा फिरवला तर? मी डोळे मिटून सही करू? पुजारी म्हणून नव्हतो गेलो मी तिथे."

 खरं लिहायचं तर मला नीलव्वांचंच पटत होतं. माझ्या पोथीत कुणी तिऱ्हाइतानं अशी पेन्सिल चालवली असती तर मीही हात धरला असता. पण आज ते बोलायची वेळ नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "हिरवा रंग कशाला नेलास? लाल नेला असतास तर कुंकवासारखा दिसला असता." ह्यांनी पहिल्यांदाच आईवर आवाज चढवला.

भाद्रपद वद्य तृतीया

मुंबईहून पत्र आलं. खुर्ची अजून आहे, केव्हा येता? ह्यांनी दोनदा वाचलं. उत्तराचा कागद काढला आणि दौत उघडली. मी दौतीचं झाकण लावलं. म्हटलं, "पाडव्याला अवकाश आहे."

"अगं, तोवर काय होणार आहे?"

"ते मला माहीत नाही. पण शब्द पाडव्याचा दिलाय. माझ्याकडून एक दिवसही आधी सुटका मिळणार नाही."

पत्र मी देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेवलं. आता काढायचं तर आंघोळ करूनच काढावं लागेल. तेवढाच उशीर.

भाद्रपद वद्य दशमी

पितृपक्ष. कुणाच्या घरी काही बोलायला जायचे हे दिवस नाहीत. मी मनात मोडून-जोडून पाहते आहे. हे म्हणतात त्यात खोट नाही, नीलव्वा म्हणतात त्यातही नाही. दोघंही खरे असले तर काम बंद का? माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, त्यात ह्याचं उत्तर नव्हतं.

एक मात्र आठवलं. माझ्या पोथीत समासात हळदीचे ठिपके आहेत. माहेरी माझ्या आजीनं शिकवलं होतं, अध्याय वाचून झाला की बोट हळदीत बुडवून शेजारी ठिपका ठेवायचा. म्हणजे वाचन कुठवर आलं ते कळतं, आणि देवालाही कळतं. म्हणजे खूण मीही करतेच की!

हे रोज जातात, संध्याकाळी येतात. काम बंद असलं तरी चिमाबाई सांगते, देवाचं बसणं सुटलेलं नाही. ह्याच श्रद्धेला फळ आलं पाहिजे, नाही तर देवालाच बोल लागेल.

ललितापंचमी

नवरात्र लागलं तशी मी ठरवलं होतं. आज ओटीचं सामान घेतलं, पोथी पिशवीत घातली. सासूबाईंनी विचारलं, "लोकांच्या दारात काम मागायला चाललीस?"

"नाही. ओटी भरायला चाललेय."

"मग पोथी कशाला?"

"वाट चुकले तर वाचत बसेन." सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड केलं.

नीलव्वांचं घर दुकानाच्या मागेच. वय झालेलं, पण बसणं ताठ. मला पाहून म्हणाल्या, "ये ग, तंगी." तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे सोलापुरात सांगावं लागत नाही. ओटी झाली. मग म्हणाल्या, "घरधन्याचं नाव घे, मग गूळ मिळंल."

मी घेतलं:

"सिद्धेश्वराच्या दारी हात जोडते वाकून,
महिपतरावांचं नाव घेते लक्ष्मीचा मान राखून."

त्या थबकल्या. "म्हंजे तू तपासनिसाची बायको!"

"होय." मी पोथी काढली, उघडून समोर ठेवली आणि हळदीचे ठिपके दाखवले. म्हटलं, "अव्वा, वाचलेलं पान आहे म्हणून आम्हीही खूण करतो. त्यांची हिरवी खूण अशीच आहे. तुमच्या लक्ष्मीची ओळन् ओळ कुणी तरी वाचली, एवढाच तिचा अर्थ."

त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं.  मग उठून दार लोटून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुला म्हनून सांगते. पोरांना बी सांगितलं न्हाई मी. खुणेचं काय न्हाई ग. हिरवी कर, निळी कर. पन तो पेन्सिल जिभंला लावतो, आन् मग लक्ष्मीला लावतो. जिभंला लावतो, लक्ष्मीला लावतो. एंजलु! उष्टं ग, उष्टं! पान उलटताना बी थुंकी."

 हे तर मी रोज पाहत होते.

"मग तसं सांगितलं का नाहीत, अव्वा?"

"कसं सांगू? एवडा शिकलेला मानूस, चार गडी बसलेले, गिऱ्हाईक बसलेलं. तू उष्टं करतोस म्हनलं असतं तर त्याची मान खाली गेली असती. म्हनून म्हनलं खूणच नको. मला काय म्हाईत तो खुणेसाठी हटून बसंल!"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्या आधी हसल्या. मला हसावं की नाही कळेना, पण आवरलं नाही.

त्यांनी तोडगाही काढला. खंडेनवमीला दुकानातला तराजू, गज, दौत-लेखणी पुजतात. त्या दिवशी कोरी पेन्सिल घेऊन या, तिचीही पूजा होऊ दे. झालेल्या पानांना त्या विभूती लावून घेतील. "आन् त्याला सांग, पर माझं नाव घेऊ नको."

आश्विन शुद्ध षष्ठी

सांगायचं कसं ह्यात काल रात्र गेली. आज जेवण झाल्यावर मी वाटीत पाणी घेतलं, त्यात एक चिंधी भिजवली आणि ह्यांच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"पेन्सिल ओली करायला. आणि पानं उलटताना बोटाला. जीभ नको."

हे माझ्याकडे बघत राहिले. कुठे गेले होते, काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. कपाळावर हळूहळू आठी चढली, मग उतरली. म्हणाले, "म्हणजे खुणेचं नव्हतंच?"

"नव्हतं."

"आणि मी त्यांना कायद्याचं कलम वाचून दाखवलं!" थोड्या वेळानं म्हणाले, "सात वर्षांत मुंबईत कुणी बोललं नाही."

"तिथे वहीची पूजा कोण करत होतं?"

"खूण मात्र मी सोडणार नाही हं."

"कोण सोडा म्हणतंय? थुंकी सोडा."

सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "लहानपणी पाटी थुंकीनं पुसायचा, तेव्हाच चार धपाटे घातले असते तर आज ही वेळ आली नसती."

खंडेनवमी

नवी पेन्सिल आणली. जुनी उष्टी, ती मी घरच्या खर्चाला ठेवून घेतली. टाकायची कशाला?

दुकानात जाताना ह्यांनी वहाणा बाहेर काढल्या, कातडी बॅगही बाहेर ठेवली. तराजू, पितळी गज, दौत, लेखणी आणि त्यांच्या शेजारी आमची पेन्सिल. नीलव्वांनी सगळ्यांना फुलं वाहिली. पेन्सिलीला सुद्धा. मग पाण्याची छोटी पितळी वाटी गादीवर ठेवली, वर कापसाचा बोळा. ह्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "जीभ तोंडात ठेव, बाळ."

मल्लप्पा आणि संगप्पा एकमेकांकडे बघायला लागले. मग दोघांनाही उलगडलं. मल्लप्पा मांडीवर थाप मारून असे हसले की दिवा फडफडला. हेही हसले. मान खाली गेली, पण हसण्यानं.

पहिली खूण नीलव्वांच्या देखत केली.

आश्विन वद्य एकादशी

रोज सकाळी जातात, अंधारून येतात. मी विचारलं, कुठवर आलं? म्हणाले, "तुझ्या पोथीच्या भाषेत, बावन्नपैकी चाळीस अध्याय." आता देवाला जाणं होत नाही. काम आलं की माणूस देव विसरतो. मी बोलले नाही, लिहून ठेवते.

बलिप्रतिपदा, पाडवा

सही झाली. काल लक्ष्मीपूजनाला मल्लप्पांच्या नव्या वहीशेजारी तपासलेली जुनी वही आणि सहीचा कागद मांडला होता. पुढच्या सालाचं कामही ह्यांनाच.

पण आजची गोष्ट वेगळीच. सकाळी मल्लप्पांच्या शेजारचे निंगप्पा, डाळीचे व्यापारी, नवी कोरी वही घेऊन घरी आले. नीलव्वांनी हिरव्या खुणेला फूल वाहिलं ही बातमी पेठभर झाली आहे. निंगप्पा म्हणाले, "पयल्या पानावर एक हिरवं करून द्या, रावसायेब. शकुनाचं. दक्षिणा काय असंल ती बोला."

हे म्हणाले, "कोऱ्या पानावर मी खूण करत नाही."

"एक बारीक!"

"त्या खुणेचा अर्थ मी वाचलं असा आहे. काय वाचलं? काहीच नाही लिहिलेलं."

निंगप्पा वही काखेत मारून गेले. मला फार राग आला. सणाचा दिवस, दारात आलेला माणूस. एवढीशी रेघ, काय बिघडलं असतं? मी आत जाऊन भांडी आपटली. माझ्या मनातही आलं की ज्याची मान वाकत नाही त्यानं दुकान काढू नये.

तिन्हीसांजेला ओवाळताना बाहेर हातगाडीचा आवाज. निंगप्पा परत आले होते, आणि गाडीवर वह्या, सालभराच्या, भरलेल्या. म्हणाले, "घरी जाऊन इचार केला. जो कोऱ्यावर करत न्हाई तो भरल्यावर बगूनच करंल. हे घ्या. बगा आन् करा."

सासूबाई म्हणाल्या, "आता मात्र गूळ दे ग त्यांना."

मी आंघोळ झालेलीच होते. पाटाखालचं पत्र काढून दिलं. ह्यांनी उत्तर दोन ओळींत लिहिलं.

कार्तिक शुद्ध एकादशी

हे उधळे झाले आहेत! दोन महिने एक पेन्सिल पुरली, आणि आता महिनाभरातच नवी इतकी संपली की बोटांत धरवेना. मी बोलले: पूर्वीची काटकसर कुठे गेली? श्रावणात तर टोकसुद्धा झिजत नव्हतं.

हे माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसायला लागले, आणि हसणं थांबेचना. शेवटी डोळे पुसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. म्हटलं, देवालाही विसरलात. सोमवारी तरी तळ्यावर जाऊन या. म्हणाले, "चल, तूही चल."

कार्तिक वद्य चतुर्थी, सोमवार

दर्शन घेऊन तळ्याकडे उतरलो. चिमाबाई दारातच होती. लांबूनच हाक मारली, "सायेब! लई दिसानं! आता काम लागलं म्हना की. बरं झालं बया. मला तर भ्याच वाटायचं, मानूस रोज पान्याकडं बगत बसतोय म्हनून. म्हनूनच तर रोज ताकाचं निमित्त काडून हाक मारत हुते."

 हे पायऱ्या उतरून खालून तिसऱ्या पायरीवर थांबले. तिथे पाण्याच्या कडेला हिरवं शेवाळ होतं. म्हणाले, "इथे बसून डबा खायचो. ऑफिसात कोण येणार? आणि रामहरीशेठ दर वेळी ओरडायचे, आलं का कुणी म्हणून. सगळं दुकान वर बघायचं."

मी पायरीवर बसले. हेही बसले. पाण्यात देवळाच्या शिखराची सावली हलत होती.   निघताना चिमाबाईकडून मी ताक घेतलं, दोन भांडी, आणि तिच्या हाताला हात लावला. तिला काही कळलं नसेल.

हे मी त्या जुन्या पेन्सिलीनंच लिहिते आहे. मागच्या टोकाशी अंगठा टेकला की दातांचे खड्डे लागतात. एक दोन नाहीत, सगळं टोकच खाल्लेलं आहे. मी खोड म्हणत होते.

घरी येताना बाळी वेशीत थांबलो. पाटीवरचं कुंकू अजून आहे, तसंच चिकटून. मग मी शेजारच्या दुकानात गेले. आजचा खर्च उजव्या पानावर मांडला आहे: हिरव्या पेन्सिली, एक डझन.

सासूबाईंनी खोका उघडून पाहिला. "एवढ्या? आणि तू आणल्यास?"

म्हटलं, "लागतील."